जखम भरली, मग हात वर का जात नाही?

भाजलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा जखमा बहुतेक भरलेल्या असतात. ड्रेसिंग कमी झालेले असते, ताप नसतो, माणूस घरात हिंडूफिरू लागतो. घरच्यांना हायसे वाटते. मग दोन-तीन महिन्यांनी लक्षात येते की वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचत नाही, कोपर पूर्ण सरळ होत नाही, किंवा मान वर करून फळीवरचा डबा पाहता येत नाही. हाड मोडले नव्हते, सांध्याला मारही लागला नव्हता. भाजली होती ती कातडी. मग सांधा का अडला?

हे कसे घडते ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू. यातले बरेचसे टाळता येते. मात्र टाळण्याचा काळ तोच असतो, ज्या काळात सगळे ठीक चालले आहे असे घरच्यांना वाटत असते.

सुरुवात न भाजलेल्या कातडीपासून करू. आपला पंजा उघडा ठेवा आणि त्याच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरा. ती सहज उचलली जाते. आता मूठ आवळा आणि पुन्हा चिमूट घेऊन पाहा. बोटांत फारसे काही येत नाही. मघाची ती सैल कातडी मूठ मिटताना लागणारी शिल्लक होती.

आणखी एक करून पाहा. डावा तळहात उजव्या काखेच्या वीतभर खाली, बरगड्यांवर ठेवा आणि उजवा हात कानाला टेकेल इतका वर न्या. तळहाताखालची कातडी वर सरकताना जाणवेल. तसेच छातीवर, गळ्याच्या हाडाखाली हात ठेवून मान मागे टाका. तिथलीही कातडी वर ओढली जाते. म्हणजे हालचाल खांद्याची किंवा मानेची असली, तरी तिला लागणारी कातडी बरीच लांबून येते.

घट्ट सदरा घालून हात वर केला की सदरा कमरेपासून वर ओढला जातो. तोच सदरा पट्ट्यात गच्च खोचलेला असेल तर हात अर्ध्यावर अडतो, आणि अडवणारी जागा काखेत नसून कमरेला असते. कातडीचेही असेच आहे.

इथेच पहिली चूक होते. बरगड्यांवरून किंवा पोटाच्या कडेने गरम पाणी सांडलेले असते, काख कोरडी राहिलेली असते, म्हणून खांद्याच्या व्यायामाकडे कुणी पाहतच नाही. मनगटाच्या बाबतीत हेच होते. भाजलेला असतो हाताचा मधला भाग, आणि मनगट हळूहळू वाकायचे कमी होते. म्हणून भाजलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे आपण रोज तपासायचे.

कातडी अशी ताणली जाते ती कशामुळे, हे आता पाहू. वरचा थर अगदी पातळ असतो. त्याखाली जाड थर असतो, अंतस्त्वचा. तिच्यात दोन प्रकारचे धागे असतात. कोलाजेन नावाचे प्रथिन बळकटी देते आणि त्याचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे कातडी कोणत्याही दिशेने ओढली तरी थोडी जाते. इलॅस्टिन नावाचे दुसरे प्रथिन तिला पुन्हा जागेवर आणते. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळे हीसुद्धा याच थरात रुजलेली असतात.

आता भाजणे. किती जागा भाजली याची चर्चा नेहमी होते, टक्क्यांत होते. पण पुढे सांधा आखडणार की नाही, हे जास्त करून किती खोल भाजले यावर ठरते. नुसता वरचा थर आणि अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला असेल तर फोड येतात, प्रचंड आग होते, आणि जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. केसांच्या मुळांशी आणि ग्रंथींच्या नळ्यांत शिल्लक राहिलेल्या पेशी वर येतात आणि नवी कातडी तयार करतात. अशा जागी व्रण राहिला तरी तो मऊ असतो.

भाजणे त्याहून खोल गेले की ही मुळेच जळतात. मग जखम कडांकडून आत सरकत भरते आणि तीन आठवड्यांहून जास्त वेळ घेते. भरायला तीन आठवड्यांवर गेलेली जखम जाड, आखडणारा व्रण ठेवण्याची शक्यता बरीच वाढते. दवाखान्यात ‘कातडी लावावी लागेल’ असे सांगतात ते बहुधा याच कारणाने. नातेवाईक पुष्कळदा म्हणतात, आणखी थोडी वाट पाहू, आपोआप भरेल. भरेलही. पण महिनाभर उघडी राहिलेली जखम भरते ती बरीचशी आकसून.

याच संदर्भात पहिल्या काही मिनिटांबद्दल सांगायलाच हवे. भाजल्याबरोबर त्या जागेवर नळाचे गार पाणी सलग 20 मिनिटे सोडले तर उष्णता खोल जाणे थांबते आणि जखमेची खोली कमी राहू शकते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तेलही नको. लहान मूल असेल किंवा अंग बरेच भाजले असेल तर पाणी त्या जागेपुरतेच ठेवा आणि बाकीचे अंग पांघरुणात उबदार राहू द्या. वर्षभराने कोपर सरळ होईल की नाही, याचा निकाल काही अंशी न्हाणीघरातल्या त्या नळाखालीच लागत असतो.

खोल जखम भरताना आत काय चालते? तळाशी लालसर, दाणेदार नवे मांस येते. या मांसात नेहमीच्या धागे विणणाऱ्या पेशींपैकी काहींचे रूप बदलते. त्या स्नायूच्या पेशींसारख्या आकुंचन पावू लागतात. यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. 1971 साली जिनिव्हा येथील जूलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पहिल्यांदा नीट वर्णन करून दाखवल्या. या पेशी भोवतीचे धागे पकडून जखमेच्या कडा आत ओढतात. मुळात हे शरीराच्या फायद्याचे आहे, कारण जखम लहान होते आणि लवकर मिटते.

साध्या जखमेत, ती मिटली की या पेशी आपले काम संपवून मरून जातात. खोल भाजलेल्या जखमेत त्या महिनोन् महिने टिकून राहतात, आणि वरून कातडी आलेली असूनही आतून ओढतच राहतात. घरच्यांना हीच गोष्ट पटवणे सर्वांत अवघड जाते. वरून जखम बंद झालेली दिसते. आतली ओढ थांबलेली नसते.

शिवाय नवे कोलाजेन भराभर तयार होते आणि ते गुंतागुंतीने विणले न जाता एकाच दिशेच्या जुड्यांमध्ये किंवा गाठींमध्ये बसते. इलॅस्टिन तर फारसे परत येतच नाही. म्हणून व्रण जाड, लाल, टणक होतो, खूप खाजतो, आणि चिमटीत उचलला जात नाही. अशा व्रणाला हायपरट्रॉफिक स्कार, म्हणजे वर उचललेला जाड व्रण म्हणतात. तो मूळ जखमेच्या हद्दीतच राहतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो तो कीलॉइड, आणि त्याचे उपचार थोडे वेगळे असतात.

हा जाड व्रण साधारण पहिल्या तीन महिन्यांत दिसू लागतो, सहाव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात लाल आणि टणक असतो, आणि मग सावकाश मऊ, फिकट, सपाट होत जातो. याला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. डॉक्टर याला व्रण ‘पिकणे’ म्हणतात. लाल आणि टणक आहे तोवर तो आखडू शकतो. पण याच काळात तो ताणालाही दाद देतो. पूर्ण पिकलेला व्रण व्यायामाने फारसा वाढत नाही.

आता आखडण्याची दिशा. व्रण कुठेही आखडेल, पण सांध्यावर त्याला सोबत मिळते ती आपल्या आरामाची. भाजलेला माणूस अंग मुडपून पडतो. कोपर वाकलेले, गुडघे पोटाशी, हात छातीशी, हनुवटी खाली. असे पडल्याने जखमेवर ताण कमी येतो, म्हणून दुखत नाही. आपणही मायेने मानेखाली मऊ उशी देतो, गुडघ्याखाली लोड सरकवतो. आणि आतल्या पेशी नेमक्या याच स्थितीत सगळे पक्के करून टाकतात. भाजलेल्यांच्या वॉर्डात पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगितली जाते: ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो.

म्हणून झोपण्याची पद्धत हा उपचाराचाच भाग आहे. गळा भाजला असेल तर उशी बंद, उलट खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे मान किंचित मागे जाते. काख किंवा छातीची बाजू भाजली असेल तर हात अंगापासून दूर, खांद्याच्या रेषेत आडवा, खाली आधार देऊन. कोपराची आतली बाजू भाजली असेल तर कोपर सरळ आणि तळहात वर. गुडघ्याची मागची बाजू असेल तर गुडघा सरळ, लोड नाही. पाऊल घोट्यात काटकोनात.

हाताच्या पंजाला वेगळा नियम आहे. पंजाची मागची बाजू भाजली की सूज येते, बोटांचे मुळाशी असलेले सांधे मागे जातात, पुढचे सांधे वाकतात आणि पंजा नखे रोवल्यासारखा दिसू लागतो. तो तसाच राहिला तर घास घेणेही कठीण. म्हणून मुळाचे सांधे पुढे वाकवून, बोटे सरळ ठेवून, अंगठा बाहेर काढून पंजा बांधतात. तळहात भाजला असेल तर याच्या उलट, सगळी बोटे पूर्ण उघडी. घरी हात कसा बांधायचा हे चित्र पाहून ठरवू नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या आणि त्या स्थितीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

ही स्थिती टिकवायला स्प्लिंट देतात. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा किंवा प्लास्टरचा, अंगाच्या मापाने घडवलेला आधार. स्प्लिंटबाबत दोन चुका फार होतात. एक, तो टोचतो म्हणून कपाटात जातो. टोचत असेल तर ज्यांनी केला त्यांच्याकडे नेऊन माप नीट करून घ्या, कारण सूज उतरल्यावर माप बदलतेच. दुसरी चूक उलटी: दिवसरात्र स्प्लिंट लावून ठेवायचा आणि व्यायाम करायचाच नाही. मग सांधा सरळ राहतो, पण वाकत नाही. बहुतेकांना दिवसा हालचाल आणि रात्री स्प्लिंट असा क्रम सांगितला जातो.

कातडी लावली असेल तर त्यातलाही एक फरक माहीत हवा. मांडीवरून बहुधा पातळ थर काढतात, कारण मांडीची जखम आपोआप भरते आणि मोठी जागा झाकता येते. पण लावलेला थर जितका पातळ, तितका तो पुढे जास्त आकसतो. पूर्ण जाडीची कातडी कमी आकसते, पण ती थोडीच मिळते, म्हणून पापणी, तळहात अशा मोजक्या जागी वापरतात. लावलेली कातडी रुजेपर्यंत पहिले काही दिवस त्या भागाची हालचाल मुद्दाम बंद ठेवतात. ती बंदी केव्हा उठली हे स्पष्ट विचारून घ्या. कित्येक घरांत ‘हलवू नका’ हे वाक्य लक्षात राहते आणि ‘आता हलवा’ हे कुणी ऐकलेलेच नसते.

भाजणे फार मोठे असेल तर स्वतःची कातडी पुरतच नाही. तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. दान केलेली त्वचा कायमची रुजत नाही, पण जखम उघडी राहण्याचा काळ ती निभावून नेते. नेत्रदानाइतके हे दान आपल्याकडे रुळलेले नाही, ते रुळायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता रोजच्या व्यायामाकडे येऊ. इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण सगळा फरक इथे पडतो.

आधी व्रणाला तेल किंवा साधी व्हॅसलीन लावा. तेलाच्या ग्रंथी जळालेल्या असल्याने ही कातडी स्वतः ओलसर राहू शकत नाही. कोरडी कातडी ताणली की चिरते, चिरली की दुखते, दुखले की व्यायाम बंद पडतो. खोबरेल तेल चालते, सुवासिक क्रीम टाळा. कातडी पूर्ण भरलेली असेल तिथेच अंगठ्याच्या पेराने दाब देऊन हळू, गोल मालीश करा. अंगठा कातडीवरून घसरता कामा नये. कातडीसकट तो आतल्या थरावर सरकायला हवा. पहिल्या महिन्यांत वरचा थर नाजूक असतो आणि घासल्यास फोड येतो, म्हणून चोळायचे नाही.

मग ताण. सांधा हळूहळू न्या, व्रण ताणला जाऊन फिकट पडेपर्यंत. लाल व्रण पांढुरका दिसू लागला की आपण योग्य जागी पोचलो. तिथे थांबा, श्वास चालू ठेवा, निदान अर्धा मिनिट धरा, मग थोडे आणखी पुढे. झटका कधीच नाही. झटक्याने व्रण फाटतो, सूज येते आणि माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी हात पुढे करत नाही. सावकाश आणि बराच वेळ दिलेला ताण, दिवसातून चार-सहा वेळा, हे एका वेळच्या जोरापेक्षा पुष्कळ जास्त काम करते.

व्रण एकाहून अधिक सांध्यांवरून जात असेल तर सगळे सांधे एकदम ताणायचे. हा मुद्दा फार वेळा निसटतो. समजा पंजाच्या मागून मनगटापर्यंत व्रण आहे. मनगट सरळ ठेवून मूठ मिटते, आणि मूठ उघडी ठेवून मनगट खाली वाकते. दोन्ही वेगवेगळे जमले म्हणून आपण निर्धास्त होतो. आता मूठ मिटलेली ठेवून मनगट खाली वाकवून पाहा. इथे अडेल. कारण एका वेळी एक सांधा हलवला की व्रण दुसऱ्या सांध्याकडून कातडी उसनी घेतो. गळा आणि काख दोन्ही भाजले असतील तर मान मागे आणि हात वर हे एकत्र करायला हवे.

घरातली कामे हाही चांगला व्यायाम आहे, आणि तो कंटाळवाणा होत नाही. दोरीवर कपडे वाळत घालणे, स्वतःची वेणी घालणे, कणीक मळणे, वरच्या फळीवरचे काढणे. माया म्हणून त्या माणसाच्या हातून काम काढून घेऊ नका. दुखते म्हणून व्यायाम टळत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची का, हे त्यांना विचारा. खाजेसाठीही औषधे आहेत. रात्रभर खाजवून व्रण सोलला गेला तर दुसऱ्या दिवशीचा ताण बुडतो.

प्रगती डोळ्यांनी कळत नाही, मोजायला हवी. भिंतीला बाजू लावून उभे राहा, भाजलेल्या बाजूचा हात वर न्या, बोटे पोचतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. मान वर केल्यावर हनुवटी ते छातीच्या हाडाची खाच हे अंतर टेपने मोजा. तोंडाभोवती भाजले असेल तर स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. खूण खाली सरकू लागली की पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जा. त्या दिवसांत दोन आठवडेही खूप असतात.

जाडी कमी ठेवायला घट्ट, मापाने शिवलेले लवचीक कपडे देतात, प्रेशर गारमेंट. 1970च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथील श्राइनर्स रुग्णालयातून ही पद्धत रूढ झाली. हे कपडे अंघोळ आणि मालीश सोडून दिवसाचे जवळजवळ 23 तास, व्रण पिकेपर्यंत घालायचे असतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे किती कठीण आहे ते घालणाऱ्यालाच ठाऊक, कारण लावलेल्या कातडीला घाम येत नाही आणि बाकीच्या अंगाला दुप्पट येतो. दोन जोड शिवून घ्या, एक अंगात, एक धुऊन सावलीत. पिळू नका. दोन-तीन महिन्यांत ताण सैल होतो, तेव्हा नवे माप लागते. सैल झालेला कपडा घालून समाधान मानणे ही नेहमीची चूक. खोलगट जागी, जसे गळ्याची घळ, दाब पोचत नाही, तिथे सिलिकॉनची पट्टी आत ठेवतात. पण हे लक्षात असू द्या की दाबाचे कपडे व्रण सपाट ठेवायला मदत करतात. हालचाल मिळते ती ताणानेच.

खाण्याबद्दल थोडेच. आंबट खाल्ले तर पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, असे सांगून भाजलेल्याला नुसत्या पेजेवर ठेवणारी घरे अजून आहेत. नवी कातडी प्रथिनांपासून बनते. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मासे, जे आपल्या घरात चालते ते भरपूर द्या.

मुलांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. बंबाचे किंवा बादलीतले कढत पाणी, उकळता चहा, गरम इस्त्रीवर टेकलेला तळहात. मुलांच्या जखमा भरतात, पण मूल वाढते आणि व्रण त्याच्या बरोबरीने वाढत नाही. तिसऱ्या वर्षी उत्तम सरळ असलेले बोट सातव्या वर्षी वाकलेले दिसते. ही आपली किंवा डॉक्टरांची हयगय असतेच असे नाही, हाड लांबले आणि कातडी मागे राहिली इतकेच. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा तरी दाखवायचे. छाती भाजलेल्या मुलींना वयात येताना व्रण सोडवून घ्यावा लागू शकतो, आणि ते त्यांच्या आईला आधीच माहीत असलेले बरे.

आखडण वेळेवर सुटली नाही तर ती कातडीपुरती राहत नाही. महिनोन् महिने वाकलेल्या कोपरात स्नायू आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, आखूड होतात. मग सांध्याभोवतीचे आवरण घट्ट होते. फार वर्षे गेली तर रक्तवाहिन्या आणि नसासुद्धा त्याच लांबीच्या होऊन बसतात. अशा वेळी शस्त्रक्रियेत कातडी सोडवली तरी सांधा एकदम सरळ करता येत नाही. प्लास्टर बदलत बदलत, आठवड्यागणिक थोडा थोडा सरळ करावा लागतो. कोपरात आणखी एक गोष्ट होऊ शकते. सांध्याजवळच्या मऊ भागात नको तिथे हाड तयार होते. ताणताना व्रण पांढरा पडण्याआधीच टणक अडथळा लागत असेल, तर जोर करणे थांबवा आणि एक्स-रे काढून घ्या.

शस्त्रक्रिया कधी? शक्य तितके व्रण पिकेपर्यंत थांबतात, कारण लाल व्रणावरचे ऑपरेशन पुन्हा आखडते. पण काही ठिकाणी थांबायचे नसते. पापणी बाहेर ओढली जाऊन डोळा मिटत नसेल तर बुबुळाला इजा होते, तिथे घाई हवी. तोंड उघडत नसेल, हनुवटी छातीला चिकटत चालली असेल, मुलाचे बोट वाकत असेल, तिथेही. गळा फार आखडला की कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे धोक्याचे होते. म्हणून पुढे बाळंतपण असो वा अपेंडिक्स, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा व्रण आधी दाखवायचा.

व्रण दोरीसारखा उभा असेल आणि दोन्ही बाजूंची कातडी चांगली असेल तर झेड-प्लास्टी करतात. व्रणावर इंग्रजी झेड अक्षरासारखा छेद घेऊन दोन त्रिकोण सोडवतात आणि त्यांची अदलाबदल करतात. बाजूची रुंदी लांबीत येते. 60 अंशांच्या कोनात घेतलेल्या छेदाने, कागदावरच्या हिशेबाप्रमाणे, मधली लांबी 75 टक्के वाढते. प्रत्यक्षात थोडी कमी. व्रण रुंद पसरलेला असेल तर तो आडवा कापून सांधा मोकळा करतात आणि उघडी पडलेली जागा नव्या कातडीने किंवा शेजारून सरकवलेल्या जाड कातडीने भरतात.

ऑपरेशननंतर पुन्हा तीच चूक होते जी पहिल्यांदा झाली होती. मान सरळ झाली, टाके निघाले, पट्टा कपाटात. नवी लावलेली कातडीही पहिले सहा महिने ते वर्ष आकसतेच. मानेचा पट्टा, रात्रीचा स्प्लिंट, ताण, मालीश हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे असते. ज्या घरात हे करायला माणूस आणि वेळ नाही, तिथे ऑपरेशनची तारीख थोडी पुढे ढकलून आधी ती सोय लावावी असे माझे मत आहे. अपवाद फक्त वर सांगितलेल्या घाईच्या जागांचा.

शेवटी ज्यांचे भाजणे दहा-वीस वर्षांपूर्वीचे आहे, त्यांच्यासाठी. जुनी आखडण सुटत नाही असे समजून बसू नका, प्लास्टिक सर्जरी विभागात एकदा दाखवा. सांध्याची हालचाल कायमची घटली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तिचे मोजमाप होऊ शकते, तेही तिथेच विचारा. आणि आखडलेल्या सांध्याच्या घडीतला जुना व्रण पुन्हा पुन्हा चिरून तिथे न भरणारी जखम झाली असेल, तिच्या कडा जाड होत असतील, वास येत असेल, रक्त येत असेल, तर मलमावर दिवस काढू नका. जुन्या व्रणात क्वचित, कधी काही दशकांनीसुद्धा, कर्करोग होतो. अशा जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवा असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. जाताना जुनी डिस्चार्जची कागदपत्रे, असतील तर जुने फोटो, आणि भिंतीवरच्या खुणांच्या तारखा लिहिलेली वही सोबत न्या.